फेडोराची रिलीज क्रमांकपद्धत : सहा महिने पॅकेजं बांधल्यावर

फेडोरा या लिनक्स वितरणात पॅकेजांना (इन्स्टॉल करायच्या तयार सॉफ्टवेअर संचांना) क्रमांक देण्याची पद्धत चांगली आहे, पण 'नंबर वाढवला की झालं' एवढ्यावर भागत नाही.

२.४.१-३.एफसी४० यात २.४.१ ही मूळ प्रकल्पाची आवृत्ती, ३ हा पॅकेज बांधणाऱ्याचा रिलीज क्रमांक आणि शेपटी फेडोरा ४० ची. त्याच आवृत्तीत पॅच घातला किंवा नव्या लायब्ररीसाठी पुन्हा बिल्ड केलं, की रिलीज एकने वाढवायचा. आवृत्ती बदलली की परत १. कोजी, म्हणजे फेडोराची बिल्ड यंत्रणा, तोच नाव-आवृत्ती-रिलीज संच दुसऱ्यांदा बिल्ड करू देत नाही.

खरी गंमत तुलनेत आहे. आरपीएम, म्हणजे फेडोराची पॅकेज यंत्रणा, आकड्यांचे आणि अक्षरांचे वेगवेगळे तुकडे पाडून डावीकडून जोडीने तपासतं. त्यामुळे १.१० हे १.९ च्या पुढे जातं, आणि १.०५ व १.५ चक्क सारखे ठरतात. १.०आरसी१ (१.० च्या आधीची चाचणी आवृत्ती) मात्र १.० पेक्षा नवं ठरतं, कारण त्याच्याकडे तुकडे जास्त. असं पॅकेज एकदा लोकांकडे गेलं, की खरी १.० आल्यावर डीएनएफ (पॅकेजं अपडेट करणारं साधन) अपडेटच दाखवत नाही. म्हणून टिल्ड: १.०~आरसी१ हे १.० च्या मागे राहतं. १.० नंतरचा गिटमधला (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातला) कोड घ्यायचा तर कॅरेट: १.०^२०२४०५१० हे १.० च्या पुढे, पण १.०.१ च्या मागे. जुन्या स्पेकमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) आरसीसारख्या आधीच्या आवृत्त्यांसाठी ०.१ पासून सुरू होणारे रिलीज दिसतात. ते नव्याने लिहू नयेत.

फक्त जुन्या शाखेत (फेडोराच्या आधीच्या आवृत्तीत) दुरुस्ती करायची असेल तर ३ चे ४ करू नका. ४.एफसी४० हे ३.एफसी४१ च्या पुढे जातं. शेपटीनंतर .१ लावा: ३.एफसी४०.१. सिस्टम-अपग्रेड सहसा डिस्ट्रो-सिंक करतं, म्हणजे गरज पडली तर पॅकेज मागेही नेऊन नव्या फेडोराशी जुळवतं, म्हणून चूक झाकली जाते. साध्या अपडेटमध्ये ती उघडी पडते.

रिलीज आपोआप ठरवणाऱ्या ऑटोरिलीजने हातचं काम बरंच वाचतं. आवृत्ती बदलल्यापासूनचे कमिट (गिटमधल्या बदलांच्या नोंदी) मोजून तो आकडा काढतो, त्यामुळे नुसत्या रीबिल्डसाठी रिकामा कमिट पुरतो. पण तीच स्पेक थेट आरपीएमबिल्ड या बांधणीच्या कमांडला दिली, तर गिटचा इतिहास कोणी वाचत नाही आणि रिलीज १ च निघतो. असं पॅकेज चाचणीला घेतलं तर मशीनवर आधीच असलेल्या ५ पुढे ते 'जुनं' ठरतं, आणि माणूस स्पेकमध्ये दोष शोधत बसतो.

इपॉकपासून, म्हणजे आवृत्तीच्या पुढे लागणाऱ्या आणि तुलनेत सगळ्यात आधी पाहिल्या जाणाऱ्या आकड्यापासून, मात्र चार हात लांब राहावं. आवृत्ती मागे न्यायची वेळ आली की तो लावायचा मोह होतो, पण एकदा लावला की काढता येत नाही. त्यात १:२.० हे पॅकेज '३.० किंवा पुढचं हवं' ही अट बिनदिक्कत पास होतं, कारण इपॉक न लिहिलेली अट ० धरली जाते. फाइलच्या नावात इपॉक दिसतही नाही. आणि फक्त इपॉक वाढवून कोजीकडे गेलात तर बिल्ड नाकारला जातो. रिलीजही वाढवावाच लागतो.