गावच्या पडद्यावर ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’: सिनेमा चांगला, गॅबी नकोसा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला लांबीची भीती दाखवू नये. मंडईच्या, म्हणजे इकडच्या गावजत्रेच्या दिवसांत नाटक रात्री उभं राहतं ते पहाटे संपतं, आणि माणसं शाल-घोंगडी पांघरून शेवटपर्यंत बसतात. 76 मिनिटांचा कार्टूनपट लांबला म्हणून इथे कोणी उठत नाही. उठतात ते एखाद्या पात्राला कंटाळून. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये ते पात्र म्हणजे गॅबी.

आधी मालाबद्दल. हा फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओचा 1939 सालचा रंगीत चित्रपट. दोन वर्षं आधी डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ तुफान चालला होता, त्याला हे उत्तर. अमेरिकेत त्याच्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून तो खुला झाला आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. फुकट म्हटलं की प्रती दहा आणि दर्जे अकरा. काही प्रती लालसर पडलेल्या, काहींत गाण्याच्या मधोमध तुकडा तुटलेला. उतरवून घेतल्यावर तीन गोष्टी तपासा: लांबी 76 मिनिटांच्या आसपास आहे का, गलिव्हरच्या चेहऱ्याचा रंग माणसाचा दिसतो का, आणि सुरुवातीच्या वादळात काळोखातलं जहाज दिसतं का. जहाजच दिसत नसेल तर ती प्रत कापडाच्या पडद्यावर चालणार नाही.

आता गॅबी. लिलिपुट या चिमुकल्या माणसांच्या देशात रात्रीची गस्त घालून ‘सारं काही ठीक’ म्हणत फिरणारा हा बुटका, गोलमटोल माणूस. किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेला गलिव्हर त्यालाच पहिल्यांदा दिसतो. आपल्याकडच्या भाषेत हा दवंडीवाला. आणि दवंडीवाल्याची परीक्षा आपल्या लोकांना पक्की माहीत आहे: डफडं दोनदा वाजवायचं, काय ते एका दमात सांगायचं, पुढच्या चौकात जायचं. गॅबी राजवाड्यात पोचतो तेव्हा दोन राजे लग्नात कुठलं गाणं म्हणायचं यावरून भांडत असतात, आणि ह्याच्या तोंडून ‘किनाऱ्यावर राक्षस आहे’ हे एक वाक्य काही धड निघत नाही. अडखळतो, किंचाळतो, पुन्हा अडखळतो. इंग्रजी कळणाऱ्याला त्यात थोडी गंमत आहे. न कळणाऱ्याला फक्त किंचाळणं ऐकू येतं. दुसऱ्याच मिनिटाला मागच्या रांगेतून येतं, ‘काऊन बोंबलून राह्यला बे हा?’

यात सगळा दोष गॅबीचा नाही, निम्मा भोंग्याचा आहे. 1939 चा आवाज मुळात एकाच वाटेने येणारा, खालचे सूर कमी असलेला. तो लाउडस्पीकरच्या पत्र्याच्या भोंग्यातून सोडला की उरलेसुरले खालचे सूरही जातात आणि मधला कर्कश पट्टा तेवढा वर येतो. गॅबीचा आवाज नेमका त्या पट्ट्यात बसतो. म्हणून भोंगा नको, लाकडी पेटीचा स्पीकर घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, साधारण बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. अॅम्प्लिफायरवर ट्रेबल (वरचे सूर) मधल्या खुणेच्या खाली आणा, बास (खालचे सूर) थोडा चढवा. एवढं केलं तर गॅबी सहन होतो. आवडत नाही, पण लोक उठत नाहीत.

गॅबीला आवाज दिलाय पिंटो कोल्विग यांनी. ‘स्नो व्हाइट’मधला तिरसट बुटका ग्रम्पी आणि झोपाळू स्लीपी, दोघंही त्यांचेच. डिस्नेचा गूफीसुद्धा त्यांचाच. म्हणजे गळा तोच, कारागिरी तीच. ग्रम्पीला मात्र तिरसटपणाआड लपवलेली माया दिली होती. गॅबीला फुशारकी आणि आरडाओरडा याखेरीज काही दिलेलं नाही. खडी गंमत किंवा दंडार ही इथली लोकनाट्यं पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. सोंगाड्या बोलतो खूप, पण तो समोरच्याला बोलता करतो. गॅबी कोणालाच बोलू देत नाही. स्टुडिओला मात्र तो इतका आवडला की 1940 आणि 1941 मध्ये त्याच्या एकट्याच्या आठ छोट्या फिल्मा निघाल्या. त्या आणू नका.

मग हा सिनेमा लावायचा कशाला? गलिव्हरला बांधण्याच्या प्रसंगासाठी. रात्रीच्या अंधारात हजारो चिमुकली माणसं दोर टाकतात, खुंट्या ठोकतात, लाकडी याऱ्या उभारतात, एकेक हात-पाय उचलतात आणि अख्खा माणूस गाड्यावर चढवून घोडे जुंपून गावात ओढत नेतात. संवाद जवळजवळ लागतच नाही. बैलगाडीवर सागाचा ओंडका चढवताना ज्यांनी पाहिलाय, ते म्हातारेसुद्धा पुढे सरकून बघतात. दोर कुठे अडकवला, भार कुठे आला, हे चित्रात खरं आहे. या एका भागासाठी पाचपैकी साडेतीन द्यायला हरकत नाही.

उरलेला दीड गुण गॅबीइतकाच राजपुत्र डेव्हिड आणि राजकन्या ग्लोरी यांनी घालवला. डेव्हिड ब्लेफुस्कू या दुसऱ्या राज्याचा, ग्लोरी लिलिपुटची. दोघं गातात, एकमेकांकडे बघतात, संपलं. रोटोस्कोप म्हणजे खऱ्या माणसाचं चित्रीकरण करून एकेक चौकट गिरवायची पद्धत. ती मॅक्स फ्लायशर यांनीच शोधली. गलिव्हरला ती शोभते, कारण चिमुकल्यांच्या गर्दीत तो वेगळा, जड, खऱ्या हाडामांसाचा दिसायला हवा. राजपुत्र मात्र चिमुकल्यांपैकीच, आणि बाकी सगळे रबरासारखे वाकत असताना हा बाहुल्यासारखा ताठ. गावातल्या लग्नात घोड्यावर बसवलेला नवरदेव जसा मान हलवायला घाबरतो, तसा.

‘स्नो व्हाइट’चा राजपुत्रही त्याच जातीचा. सुरुवातीला एक गाणं, शेवटी एक चुंबन, अख्ख्या सिनेमात नाव नाही. खरा वाटेल असा पुरुष काढणं त्या काळी चित्रकारांना जड गेलं आणि त्याचं काम कापत कापत एवढंच उरलं. तिथे सात बुटक्यांमधला मुका डोपी सगळं सावरतो. एक शब्द बोलत नाही, म्हणून त्याला भाषाच आडवी येत नाही. सिनेमा निवडताना हेच पाहावं: आवाज पूर्ण बंद करून दहा मिनिटं बघा. कोण काय करतंय हे तरीही कळत असेल, तर तो पटांगणात चालेल.

‘द जंगल बुक’ (1967) आपल्याकडे मागावाच लागत नाही, लोकच मागतात. मूळ गोष्ट सिवनीच्या डोंगरातली, म्हणजे पेंचला लागूनच. म्हणून इथले प्रेक्षक चुकाही काढतात. मोहफुलं वेचताना अस्वलाच्या धाकाने हाकारे घालत जाणाऱ्या गावाला बाळू फार लाडिक वाटतो, पण तो चालून जातो. किंग लुई हा ओरांगउटान. तो बोर्निओ-सुमात्राचा प्राणी, इथे कुठला? मूळ पुस्तकातल्या माकडांना तर राजाच नाही, लुई हा सिनेमावाल्यांनी घातलेला. तरी त्याच्या गाण्यावर पोट्टे नाचतात, तक्रार नाही. खरी पडझड होते ती चार गिधाडांपाशी. शेरखान येणार म्हणून सगळे श्वास रोखून बसलेले, आणि मध्येच ही चौकडी ‘आता काय करायचं’ असं एकमेकांना विचारत बसते. त्यांची झुलपं आणि बोलण्याची ढब बीटल्स या इंग्रज गायक-चौकडीवरून उचललेली; तो संदर्भ इथे कोणालाच लागत नाही. शिवाय गडचिरोलीतल्या मोजक्या जागा सोडल्या तर आजच्या पोरांनी गिधाड पाहिलेलंच नाही. आधी माईकवर ‘हे गिधाड, मेलेल्या ढोरावर बसायचे ते’ एवढं सांगून टाका.

गलिव्हर सोडला तर बाकीच्या दोघांना, ‘स्नो व्हाइट’ आणि ‘जंगल बुक’ला, परवानगी लागते. घरच्या अॅपची वर्गणी भरली म्हणजे चौकात खेळ लावायची मुभा मिळत नाही. शाळेच्या उपक्रमात, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक आणि पालकच असतील, तर कायद्यात सूट आहे.

मांडणीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे चित्र ताणणं. गलिव्हर आणि स्नो व्हाइट चौकोनी, 4:3 मापाचे. प्रोजेक्टर रुंद मापाचा. आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच पडद्यावर चित्र सहा फूट रुंदच येणार, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहणार. ती बघवत नाही म्हणून कोणीतरी रिमोटवर ‘फुल’ दाबतं आणि प्रत्येक पात्र एक तृतीयांशाने रुंद होतं. गॅबी आधीच गोल. तो मग पाटावर थापलेल्या गोळ्यासारखा दिसतो.

पडदा म्हणून पांढरी चादर चालते, पण मागून काळं कापड लावा, नाहीतर मागचा उजेड चादरीतून पुढे येऊन चित्र फिकं पडतं. खालच्या कडेला वेळू ओवून बांधा, म्हणजे वाऱ्याने राजपुत्राचं नाक हलणार नाही. आठ फुटी चित्राला प्रोजेक्टर साधारण अकरा फुटांवर येतो. नेमकं अंतर त्याच्या पुस्तिकेतल्या अंतर-रुंदीच्या गुणोत्तराने काढा. उजेडाचा आकडा खोक्यावरचा नको, ठरलेल्या प्रमाणाने मोजलेले एएनएसआय लुमेन बघा. ‘जंगल बुक’च्या रेषा काळ्या आणि खरखरीत आहेत, त्या कमी उजेडातही टिकतात. ‘स्नो व्हाइट’च्या रंगीत, नाजूक रेषा आधी मरतात.

प्रोजेक्टर 200 वॅट, अॅम्प्लिफायर 60 वॅट धरा. 150 अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मीच वापरली तरी अडीच तास निघतात, म्हणजे लाइन गेली तरी सिनेमा पूर्ण होतो. पावसाळ्यात किडे झोताकडे येतात. वीस फूट दूर, प्रेक्षकांच्या मागे एक पांढरा बल्ब लावला की बरेचसे तिकडे वळतात.

मराठी सांगणारा एक माणूस माईकवर ठेवा, पण प्रत्येक वाक्य सांगायला नाही. गलिव्हरला सहा-सात जागा पुरतात: जहाज फुटलं, राजे का भांडले, तीन हेर कोण, गलिव्हरचं पिस्तूल कोणाच्या हाती लागलं, शेवटी दोन गाण्यांचं एक कसं झालं. गॅबी बोलत असताना सांगणाऱ्याने गप्प राहावं. दोन आवाज एकावर एक चढले की काहीच कळत नाही. आणि डेव्हिडचं गाणं सुरू झालं की बॅटरीची तार गरम झाली का ते हात लावून बघून घ्या, चहाही तेव्हाच फिरवा. पडद्यावरचं काहीही चुकत नाही.