खोदाई चोख, दरपत्रकातले शब्द मात्र तपासून घ्या

शेततळ्याची खोदाई आणि बांध एकाच हातून करून देणारे ठेकेदार नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात बरेच आहेत. दिंडोरीच्या बाजूला मशिन लावणाऱ्या अशाच एकाच्या कामाबद्दल हे. मशिन आणि ऑपरेटरला पाचपैकी चार, दरपत्रकाला दोन.

दरपत्रकात खोदाईच्या तीनच ओळी: माती, मुरूम, खडक. गोम तिसऱ्या ओळीत आहे. शेतकऱ्याच्या लेखी कुदळ उडाली की खडक लागला. पोकलेनवाल्याच्या लेखी बकेटच्या दातांनी निघतो तोवर मुरूम, दगड फोडायचा ब्रेकर लावावा लागला तरच खडक. मधला मांजऱ्या दगड दोन्हीकडे ओढता येतो. पांढऱ्या गारांचे ठिपके असलेला हा दगड झिजलेला असेल तर बकेटने सुटतो, ताजा असेल तर नाही. इथे तो सरसकट खडकाच्या दरात धरला जातो. ब्रेकरच्या तासांची नोंद रोजच्या रोज घ्या. ‘कातळ’ हा शब्द तर कागदावर येऊच देऊ नका: कोकणातल्या माणसाला त्यात जांभ्याचा सडा दिसतो, इथल्याला हरिहर गडाच्या काळ्या दगडात कोरलेल्या पायऱ्या.

दुसरा घोळ ब्रासचा. ३० × ३० × ३ मीटरचं, १:१ उताराचं तळं म्हणजे तळ २४ × २४ आणि खोदाई २,१९६ घनमीटर. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर, हिशेब ७७६ ब्रासच्या आसपास जातो. पण खणलेला मुरूम सैल होऊन पाव हिश्शाने फुगला, तर डंपर मोजून तेच काम साडेनऊशेच्या पुढे जातं. हा ठेकेदार विचारलं तर खड्ड्याचं माप मान्य करतो, आपण होऊन सांगत नाही.

बांधाचं काम मात्र नमुनेदार. बांध म्हणजे हद्दीवरचा वरंबा असं धरून कित्येक जण नुसती माती लोटतात. पहिल्या पावसात तो बसतो, तळ्यात अंथरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद ताणला जातो आणि कड पुरलेल्या चराजवळ फाटतो. इथे आधी मुळांसकट वरची माती काढली, मग मुरूम २०-२५ सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवत चढवला. काळी माती भरावात घेतली नाही. ती उन्हात भेगाळते. खड्ड्याची कड आणि बांध यांत मीटरभर पट्टी मोकळी सोडली.

दरपत्रकात ‘चर’ मात्र एकदाच लिहिलेला. कागदाची कड पुरायचा चर त्यात धरला, वरच्या अंगाचं पावसाचं पाणी वळवायचा चर जादा बिलात आला. दोन्हींची लांबी-रुंदी वेगळी लिहून घ्या.

उतारावर बाहेर आलेली मांजऱ्याची टोकं तशीच ठेवलेली असतात. कागद अंथरण्याआधी तळ आणि उतार अनवाणी चालून पाहा. टोचलं तिथे टोक ठेचून काढायचं आणि वर चाळलेल्या मातीचा दोन बोटं थर.