मामाचं घर, सपोर्टसकट: रिव्ह्यू

रेटिंग आधीच टाकते. घराला पाचपैकी साडेचार, सपोर्टला तीन, आणि दुरुस्तीला एक, तोही जिवावर येऊन.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमी उत्पन्नवाल्या, आजारी किंवा एकट्या पडलेल्या माणसांसाठी एकच मोठी इमारत बांधून सगळ्यांना तिथे कोंबायचं नाही, तर साध्यासुध्या बिल्डिंगांमध्ये एक फ्लॅट इथे, एक तिथे असे घ्यायचे, भाडं माणसाच्या ऐपतीत बसवायचं आणि मदतीचा माणूस, म्हणजे वर्कर, घरी येणार. आमच्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे, बरीच वर्षं संस्थांमध्ये गेली, मग एका हॉस्टेलवर, आणि आता हे वन रूम किचन. अ‍ॅग्रीमेंट मामाच्या नावावर, त्याच्या उत्पन्नाच्या ३० टक्के तो भरतो, वरचं संस्था घरमालकाला देते. संस्थेचं नाव टाकत नाहीये, कारण माणसं वाईट नाहीत, सिस्टीम ढिली आहे.

आधी चांगलं. दरवाज्याला आतून कडी आहे. हसू नका, ज्याने वर्षानुवर्षं कुणीही कधीही आत येईल अशा खोल्यांमध्ये काढली त्याला ही कडी काय आहे ते विचारा. मामा पहिले काही दिवस नुसता उघडबंद करून बघायचा. लाईट कधी घालवायचा, टीव्ही किती मोठा, जेवायचं कधी, सगळं त्याचं तो ठरवतो, आणि आई (म्हणजे त्याची ताई) फोनवर विचारते जेवलास का, तर म्हणतो ताई मी बघतो माझं. हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

दुसरं, आणि मला विचाराल तर अख्ख्या सर्व्हिसमधली सगळ्यात मोठी गोष्ट. मध्यंतरी मामाने गोळ्या बंद केल्या आणि वर्करला दार उघडेना. हॉस्टेलवर असतं तर सामान बाहेर, तिथे मीटिंग चुकवली तरी वॉर्निंग मिळायची. इथे घर राहिलं. वर्कर बाहेरून, काका मी उद्या येतो, असं सांगून जायचा आणि खरंच यायचा, शेवटी मामाने स्वतःच दार उघडलं. आईचं तेव्हा डोकं फिरलं होतं, गोळ्या घेत नाही आणि तुम्ही त्याला राहू कसं देता म्हणून तिने भांडण काढलं, आणि तिची काळजी खोटी नव्हतीच. पण घर आणि उपचार वेगळे ठेवायचे, एक नाकारलं म्हणून दुसरं काढून घ्यायचं नाही, हाच या पद्धतीचा पाया आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने पाथवेज टू हाऊसिंग ही संस्था सुरू केली ती याच तत्त्वावर: आधी सुधारून दाखव मग घर देतो असं नाही, आधी घर.

नुसती भावनेची गोष्ट नाहीये ही. कॅनडात २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत दोन हजारांहून जास्त बेघर, मानसिक आजार असलेल्या लोकांना घेऊन मोठा प्रयोग झाला, ॲट होम/शे स्वा नावाचा. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत बघितलं तर, घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात टिकून होते, नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांपैकी ३१ टक्के. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की आजाराची लक्षणं दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली. म्हणजे घराने आजार बरा होईल या आशेवर कुणी घेत असाल तर आत्ताच सांगते, तसं होत नाही. मामाला आवाज अजून ऐकू येतात. फक्त आता ते त्याच्या स्वतःच्या घरात ऐकू येतात, आणि तो म्हणतो फरक पडतो.

आता तक्रारी.

विखुरलेली घरं कशासाठी? तर बिल्डिंगमध्ये कुणाला कळू नये की हा "त्यांच्यातला". कॅनडाच्या त्या प्रयोगातल्या पाच शहरांपैकी व्हँकुव्हरला तर एका बिल्डिंगमधले २० टक्क्यांपेक्षा जास्त फ्लॅट घ्यायचेच नाहीत असा नियम ठेवला होता. आणि आमच्याकडे पहिला वर्कर आला तो संस्थेचं नाव छापलेलं जॅकेट घालून, गळ्यात आयकार्ड, हातात फाईल, आणि चुकून शेजारची बेल वाजवून विचारतो, ते मानसिक रुग्ण राहतात ते घर कुठलं? झालं. संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये लोक मामाकडे बघून गप्प व्हायला लागले. आम्ही तक्रार केली, आता साध्या कपड्यात येतात आणि आधी फोन करतात, पण जे कळायचं ते कळलं.

दुरुस्ती. किचनचा नळ गळत होता. संस्थेला फोन केला, म्हणे नळ घरमालकाचा. घरमालक म्हणे मला पैसे संस्था देते तिच्याशी बोला. वर्कर म्हणे मेंटेनन्स आमच्या डिपार्टमेंटला येत नाही. या टोलवाटोलवीत पाणी खालच्या फ्लॅटच्या छतात उतरलं आणि तिथून तक्रार आली ती कुणाची, तर मामाची, की हा नळ उघडा टाकून झोपतो. नळ तुमचाही गळतो हो, पण तुमच्यावर कुणी वेडेपणाचा शिक्का मारत नाही. साधा वॉशर वेळेत बदलला असता तर हे झालं नसतं, आणि भाडेकरार जाण्यापर्यंत गोष्टी अशाच किरकोळ कारणांनी जातात.

सपोर्टचे दोन मार्क कापले ते वर्करमुळे नाही, त्याच्या डोक्यावरच्या ओझ्यामुळे. कॅनडाच्या प्रयोगात जास्त गरजवाल्यांसाठी दहा माणसांमागे एक कर्मचारी आणि चोवीस तास टीम होती, मध्यम गरजवाल्यांसाठी वीसपर्यंत. आमच्या वर्करकडे त्याच्याही दुप्पट लोक आहेत, घरं गावभर पसरलेली, निम्मा दिवस बसमध्ये जातो बिचाऱ्याचा. विखुरलेल्या घरांचा हा खर्च कागदावर कुणी मांडतच नाही. रात्रीचा नंबर दिलाय तो लागतो, पण पलीकडून ऐकू येतं, सकाळी बोलूया.

आणि एकटेपणा. हॉस्टेलवर कटकट होती पण पत्ते खेळायला माणूस होता. इथे सुट्टीच्या दिवशी मामा दिवसभर कुणाशी एक शब्द बोलत नाही. यावर उपाय नाहीत असं नाही. इंग्लंडमध्ये कीरिंग म्हणून संस्था आहे, तिथे प्रत्येकाचं घर वेगळं पण चालत जाता येईल इतकं जवळ. चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेचं होम अगेन वेगळ्या वाटेने जातं, चारपाच जणी मिळून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात, एकमेकींना धरून. दोन्ही कामांची दखल जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत घेतली आहे. आमच्या संस्थेने घरं शोधताना फक्त भाडं बघितलं, कोण कुणाच्या जवळ राहील हे बघितलंच नाही.

ज्यांना रात्रीअपरात्री माणूस लागतोच त्यांनी हे घेऊ नका, एकाच इमारतीत स्वतंत्र फ्लॅट आणि खाली कायम स्टाफ असा प्रकार बघा, व्हँकुव्हरला साधारण तसाच, पण स्वतंत्र खोल्यांचा, एक गट होता आणि तोही चांगला टिकला. बाकीच्यांनी बेलाशक घ्या, पण सही करण्याआधी विचारा: अ‍ॅग्रीमेंट कुणाच्या नावावर, सपोर्ट नाकारला तर घर जातं का, एका वर्करकडे किती लोक, नळ कोण दुरुस्त करणार आणि किती दिवसांत. आणखी एक, घरमालकाने फ्लॅट विकायला काढला तर? फिनलंडची वाय फाउंडेशन १९८५ पासून साध्या इमारतींतले फ्लॅट स्वतः विकतच घेत आलीय, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. भाड्याच्या फ्लॅटला येतो. दुसरं घर कोण शोधणार, तोपर्यंत माणूस राहणार कुठे, हे लेखी घ्या. आम्हाला तोंडी सांगितलं होतं आणि सांगणारा आता तिथे नोकरीला नाही.