केळीची वंशावळ: आयटीएस घ्यावं की हरितलवक?

मुसेसी म्हणजे केळीच्या कुळाच्या वंशावळीवर काम सुरू करताना पैसे बहुतेक डीएनएच्या एकाच भागाच्या सिक्वेन्सिंगपुरते (अक्षरं क्रमाने वाचण्यापुरते) असतात. मग प्रश्न पडतो: केंद्रकातल्या राइबोसोमल डीएनएमधला आयटीएस (जनुकांच्या मधला भाग) घ्यावा की हरितलवकाच्या डीएनएतले ट्रनएल-एफ, आरपीएस16 वगैरे भाग? मी दोन्ही केलंय. पुढचं सगळं अनुभवावरून आहे, मोजमाप समजू नका.

हाताळायला हरितलवक केव्हाही सोपं. पोंग्यातलं कोवळं पान घेतलं, चिकाचा बंदोबस्त केला, की पहिल्याच पीसीआरला (हवा तो तुकडा वाढवून घेण्याला) जेलवर ठसठशीत पट्टा. आयटीएसचे नखरे फार. डीएनएच्या अक्षरांपैकी जी आणि सीचं प्रमाण जास्त असल्याने माझ्याकडे तरी डीएमएसओ (डीएनएच्या घट्ट घड्या सैल करणारं रसायन) घातल्याशिवाय ते हललं नाही. शिवाय 1990 पासून सगळे वापरतात ते सार्वत्रिक प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) मुळात बुरशीसाठी बनवलेले. पानात बुरशी दडलेली असली तर ते इमानेइतबारे तीच वाढवून देतात. माझा एक नमुना अलाइनमेंटमध्ये (सगळे अनुक्रम एकाखाली एक जुळवताना) काही केल्या बसेना. डेटाबेसला विचारलं तेव्हा कळलं की महाशय केळ नाहीतच.

वंशवृक्षाच्या मोठ्या फांद्यांपुरतं बघायचं असेल तर आयटीएस आणि हरितलवक या दोघांत फारसं भांडण नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ चीजमनने 1947 मध्ये मुसा या केळीच्या प्रजातीचे (जीनसचे) चार विभाग पाडले: युमुसा आणि ऱ्होडोक्लॅमिस मूळ 11 गुणसूत्रांचे, ऑस्ट्रालिमुसा आणि कॅलिमुसा 10 चे. डीएनएचे अनुक्रम आल्यावर 11 वाले एका बाजूला गेले, 10 वाले (आणि सोबत 7 गुणसूत्रांची मुसा इंजेन्स) दुसऱ्या. मधल्या भिंती काही टिकल्या नाहीत. 2013 मध्ये हॅकिनेनने विभाग दोनवरच आणले. एवढंच हवं असेल तर खुशाल हरितलवक घ्या.

अडतं ते खायच्या केळ्यांपाशी. मुसा अक्युमिनाटा या रानकेळीचा ए जीनोम आणि मुसा बाल्बिसियानाचा बी, यांच्या संकरातून एएबी, एबीबी असे त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेले) वाण झाले. त्यात केळीची तऱ्हा अशी की हरितलवक येतं आईकडून आणि मायटोकॉन्ड्रिया बापाकडून. म्हणजे नुसत्या हरितलवकावर विसंबलात तर झाडाचं फक्त आजोळ कळणार.

हे सगळं मला आधीच ठाऊक होतं, तरी मी सोपं म्हणून हरितलवकच धरून बसलो होतो. मन फिरवलं ते एका क्षुल्लक कटकटीने. आरपीएस16 जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (मधल्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात) माझ्या नमुन्यांत सलग टी-टी-टीची एक रांग होती. क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा आलेख, प्रत्येक अक्षराला एक शिखर) तिथवर सुईसारखा रेखीव, आणि रांग संपली की सगळी अक्षरं एकमेकांवर चढलेली, जणू कोणी ओल्या शाईवर बोट फिरवलंय. उलट्या बाजूने वाचलं तर तिकडूनही तिथेच अडतं. झाडामागून झाड हेच. आणि इतकं सोसून हाती काय? काही नाही. डीएनएची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेजचा पाय घसरला, एवढीच त्यातली माहिती.

आयटीएसमध्येही पसारा होतोच. डबल पीक, म्हणजे एकाच जागी दोन शिखरं, येतात (हे ऐकून शेतकऱ्याला आनंद होईल, आपल्याला नाही). पण तो पसारा काहीतरी सांगत असतो. माझ्याकडच्या एका झाडाला एएएची, म्हणजे निव्वळ अक्युमिनाटाची, चिठ्ठी होती. हरितलवकाने निमूटपणे अक्युमिनाटा म्हणून होकार दिला. आयटीएसमध्ये मात्र मधेच सी आणि टी एकाच जागी, जवळपास सारख्याच उंचीचे. क्लोनिंग करून (एकेक प्रत वेगळ्या जिवाणूत घालून) दहा वसाहती वाचल्या: सात ए प्रकारच्या, तीन बी. चिठ्ठी चुकीची होती. आयटीएसच्या प्रती एरवी पिढ्यांगणिक एकमेकींसारख्या होत जातात; मुनव्यांवर वाढणाऱ्या झाडात लैंगिक पिढ्या जवळजवळ नाहीत, म्हणून दोन्हीकडच्या प्रती बहुधा एकसारख्या व्हायच्या राहून गेल्या असाव्यात.

अर्थात आयटीएस अगदी साळसूद आहे असं नाही. कधी प्रती एकसारख्या होतात आणि एका पालकाचा मागमूस पुसला जातो. कधी निकामी झालेली प्रत हाती लागते, तेव्हा आयटीएसच्या मधोमध असलेलं 5.8एस जनुक आधी तपासा; एरवी जराही न बदलणारा तो भाग बिघडलेला दिसला तर तो क्लोन बाजूला ठेवा. पीसीआरमध्ये ए आणि बी प्रतींची अर्धीअर्धी जोडणीही होते, आणि असा जोडतुकडा वंशवृक्षात घातला की तो कुठेतरी मधेच लटकतो.

पैसे बरे असतील तर कमी खोलीचं (सगळा डीएनए वरवर वाचणारं) जीनोम सिक्वेन्सिंग करा. राइबोसोमल डीएनए आणि हरितलवक, दोन्हींच्या प्रती पेशीत भरपूर, त्यामुळे दोन्ही एकदमच मिळतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

एकच घ्यायचं असेल तर तुमचा प्रश्न काय यावर बरंच अवलंबून आहे, पण मी आयटीएस घेईन, आणि क्लोनिंगचे पैसे आधीच बाजूला काढीन. तेही जड वाटत असेल तर निदान सगळ्या झाडांचा आयटीएस आरएसए-1 या डीएनए कापणाऱ्या विकराने कापून बघा: ए चा सुमारे 530 अक्षरांचा तुकडा अखंड राहतो, बी मध्ये त्याचेच 350 आणि 180 असे दोन होतात. जेलवर ज्यांचे तिन्ही पट्टे दिसतील, तेवढीच झाडं क्लोनिंगला पाठवा.