पैसे घेतले ‘टचलेस’चे, चाकं उचकटली टॉमीने

जुलैमध्ये मुंबईहून नाशिकला घरी येताना इगतपुरीच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावीकडची दोन्ही चाकं आपटली. घरी येऊन पाहतो तर दोन्ही टायरला बाजूने फुगे. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नाही, टायर बदलावाच लागतो. उजवीकडचेही झिजले होते, म्हणून चारही बदलायचं ठरवलं.

माझ्या गाडीला 215/45 आर 17 मापाचे टायर आहेत. रुंदी 215 मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या 45 टक्के, म्हणजे जेमतेम 97 मिलिमीटर. अशा आखूड बाजूच्या टायरला लो-प्रोफाइल म्हणतात. चाकं डायमंड कट. त्यांचा दर्शनी भाग लेथवर तासून चकचकीत केलेला असतो आणि वर पारदर्शक लॅकर असतं. हे लॅकर फुटलं की पाणी आत शिरतं आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडत जातं. हे माहीत होतं, म्हणून मी चार दुकानं फिरलो.

शेवटच्या दुकानाबाहेर मोठा फलक होता, ‘टचलेस मशिन, अलॉयला ओरखडा नाही’. टचलेस म्हणजे टॉमी, अर्थात टायर उपसायचा लोखंडी दांडा, न लावता टायर काढणारं मशिन. काउंटरवरचे गृहस्थ आपुलकीने बोलले. “दादा, साध्या मशिनवर चाकामागे दीडशे, टचलेसवर चारशे. तुमचे लो-प्रोफाइल आहेत, टचलेसच करा.” मी लगेच हो म्हटलं. मला काचेमागच्या खोलीत बसवलं, चहा आला. मशिन बघू का विचारलं, तर म्हणाले, “आत गिऱ्हाइकाला सोडत नाही, सेफ्टीचा नियम आहे.” मला ते पटलं. चुकलो तो तिथेच. गाडी मिळाली तेव्हा अंधारून आलं होतं, पाऊस होता, चाकं साबणाच्या काळ्या पाण्याने माखलेली. काही दिसलं नाही.

रविवारी घरी, इंदिरानगरला, गाडी धुताना चाकाच्या कडेला फडकं अडकलं. हात फिरवला तर बोटाला कुसळासारखं टोचलं. कडेवरचा धातू उचकटून वर आला होता आणि त्याच्याशेजारी बोटभर लांब चरा, नख अडकेल इतका खोल. वीतभर अंतरावर तसाच दुसरा. चारपैकी तीन चाकांवर चऱ्यांची अशी जोडी होती. टॉमी दोन ठिकाणी घालून टायर उपसला की नेमकी हीच खूण राहते.

सोमवारी परत गेलो. “हे आधीचेच आहेत साहेब. गाडी खड्ड्यात गेली होती ना?” खड्ड्याने कड वाकते, तडा जातो. एकसारख्या अंतराचे चरे पडत नाहीत, तेही खड्ड्याच्या बाजूला नसलेल्या चाकावर. पण टायर घालण्याआधीचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. मग त्यांनीच तोडगा सुचवला. आमचा माणूस आहे, चाकामागे अठराशेत नवं करून देतो. संताप आला होता, तरी चाकं खराब होऊ नयेत म्हणून तीनही दिली. 5400 रुपये गेले. ऑक्टोबरमध्ये कडेचं लॅकर फुगलं, नखाने पापुद्रा निघाला. खाली पुट्टी भरून वरून चंदेरी स्प्रे मारला होता. डायमंड कट खरोखर परत करायचं तर चाक संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर चढवून पातळ थर काढावा लागतो. दर खेपेला धातू कमी होतो, त्यामुळे तेही मोजक्याच वेळा जमतं.

पुढे तिथलं काम सोडलेला एक मुलगा भेटला. त्याने सांगितलं, टचलेस मशिन कित्येक महिने बंद पडून आहे. ऐकून फार वाईट वाटलं. ज्या कामाचे जास्तीचे पैसे घेतले ते काम होणारच नव्हतं, आणि घेणाऱ्याला हे माहीत होतं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करून तक्रार नोंदवली. दुकानाचं उत्तर आलं की आम्ही साधं फिटिंगच केलं. बिलावर टायर धरून एकच रक्कम आणि ‘टायर फिटिंग 4 नग’ एवढेच शब्द. ‘टचलेस’ हा शब्द बिलावर लिहून घ्या, दर वेगळा लावायला सांगा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मी कागद गोळा करतो आहे.

नोव्हेंबरमध्ये नवीन टायरमध्ये खिळा घुसला. आतून पॅच लावायला टायर रिमवरून काढावा लागणार होता. या वेळी सातपूरला एका जुन्या टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे टचलेस नाही, साधंच मशिन, पण मदतीचा दाबणारा हात जोडलेला. त्यांनी मला शेजारी उभं केलं. चाक पकडणाऱ्या जबड्यांना आणि टायर रिमवरून उचलणाऱ्या मशिनच्या चोचीला प्लास्टिकची टोपणं चढवली. मग रिमच्या मधला खोलगट भाग बोटाने दाखवला. टायरची तारेची कड एका बाजूने या खोलगटात उतरली तरच समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि ती सहज बाहेर येते. लो-प्रोफाइलची बाजू आखूड आणि ताठ असल्याने कड आपणहून खाली बसत नाही. ती दाबून न धरता टॉमीने ओढली की सगळा जोर रिमच्या कडेवर येतो. खोलगट भाग रिमच्या ज्या कडेला जवळ, ती कड वर ठेवायची, हेही त्यांनी सांगितलं. टायरच्या कडेला साबणाची पेस्ट भरपूर लावली. ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नका, रबर खराब होतं, असं ते दोनदा म्हणाले. हवेच्या दाबाचा सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेला असतो, म्हणून टायरची कड रिमपासून सुटी करणारं पातं व्हॉल्व्हपासून लांब धरलं.

पॅच लावून टायर परत चढवला, हवा भरताना फट्-फट् असे दोन आवाज झाले आणि दोन्ही कडा जागेवर बसल्या. काकांचा काटा 40 पीएसआयच्या पुढे गेला नाही. बॅलन्सिंगला कडेवर ठोकायची वजनं न घेता आतून चिकटवायची घेतली. चाक गाडीला लावण्याआधी त्यांनी ते उन्हात माझ्यासमोर सावकाश फिरवलं आणि म्हणाले, “कडेवरून हात फिरवून बघा.” मी फिरवला. जुन्या चऱ्यांशिवाय बोटाला कुठेच काही लागलं नाही.