घड्याळ की वू-वेई? पहिल्या हाफ मॅरेथॉनआधी

एकीकडे आठवड्यांचा छापील प्लॅन, मनगटावर जीपीएस घड्याळ आणि दर किलोमीटरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. दुसरीकडे प्राचीन चीनमधल्या ताओवादी विचारवंतांचं वू-वेई, म्हणजे ओढूनताणून काही न करणं. श्वास आणि पाय सांगतील तसं धावायचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीत मी दोन्ही करून पाहिलं.

सपाट रस्त्यावर घड्याळच सरस. नवख्याला पहिल्या दोन किलोमीटरमध्ये आपण किती जोरात सुटलोय हे कळतच नाही, कारण ताज्या पायांना सगळंच सोपं वाटतं. तेव्हा ‘अंगाचं ऐका’ म्हणणं चूक, अंग चक्क थापा मारत असतं. हृदयाच्या ठोक्यांचं मात्र जपून घ्या: ‘220 वजा वय’ हा मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडतील याचा ढोबळ अंदाज आहे, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याच पेसला ठोके वाढतात.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात सगळं उलटलं. चढावर सपाटीचा पेस धरायला गेलो. मागे पडलो की घड्याळ किरकिरायचं, मी ढांगा वाढवायचो. शेवटी एका वळणावर कठडा धरून उभा राहिलो, तर शेजारून एक काका बारीक पावलं टाकत, सोबत्याशी गप्पा मारत वर निघून गेले. लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’ या ताओवादाच्या मूळ ग्रंथामध्ये 24व्या प्रकरणात हेच आहे: चवड्यांवर उभा राहणारा टिकत नाही, ढांगा टाकणारा लांब जात नाही. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की दर वेळी ब्रेक लागतो, आणि दणका गुडघ्याला बसतो.

पण म्हणून प्लॅन लगेच फाडू नका. च्वांगत्से या दुसऱ्या ताओवाद्याच्या गोष्टीतला डिंग खाटीक जोर न लावता सांध्यांमधल्या फटींतून सुरा फिरवतो, म्हणून तो सुरा 19 वर्षांनीही नव्यासारखा आहे, पण सुरुवातीला डिंगलाही नुसता अख्खा बैलच दिसायचा. ती नजर बदलायला तीन वर्षं लागली. आजही अवघड सांधा आला की तो हात मंद करतो. (घाटातले काका वळणावर चालत होते, हे मला नंतर आठवलं.)

तेव्हा वर्षभरही धावला नसाल, तर घड्याळ घ्या आणि त्याचा लगाम करा. चाबूक ते आपोआप होतंच. आठवड्यातून एकदा ते घरी ठेवून, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. दोनेक वर्षं मुरलेल्यांनी चढावर वू-वेई, सपाटीवर घड्याळ. गुडघा आधीच बोलत असेल तर दोन्ही राहू द्या, डॉक्टर गाठा.

माझं घड्याळ घाटात आता बाहीखाली असतं. आकडे घरी, चहा पिताना बघतो.