इनडिझाइनची तीन पुस्तकं : दिवाळी अंकाचा सीझन काढल्यानंतर

हे परीक्षण इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरचं नाही, ते शिकण्यासाठी घेतलेल्या पुस्तकांचं आहे. सॉफ्टवेअर काय करतं हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच, त्यामुळे ते दळण नको.

आमचं छोटं डीटीपीचं दुकान. पुस्तकं, स्मरणिका, दिवाळीच्या आधी एक-दोन अंक. एक्सपीवर चालणारा जुना संगणक गेल्या उन्हाळ्यात बसला आणि त्याच्याबरोबर पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ सुद्धा. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ ची, म्हणजे आज ना उद्या हे होणारच होतं. नव्या मशीनवर मराठी फॉन्टच्या पॅकेजचं डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची चावी) ओळखलंच जाईना. विक्रेत्याला आठवडाभर फोन केले, उत्तर एकच : नवीन घ्या. नवीनच घ्यायचं तर मग युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी एकच पद्धत) आणि इनडिझाइनच घेऊ, असं चिडून ठरवलं.

क्लासला जाण्याइतका वेळ नव्हता. व्हिडिओंचा मला कंटाळा आहे. एक बटण कुठे आहे एवढंच हवं असतं आणि त्यासाठी पंधरा मिनिटं ‘नमस्कार मित्रांनो’ ऐकावं लागतं. म्हणून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारली आणि तीन पुस्तकं घेऊन आलो. एक गुळगुळीत कागदावरचं, रंगीत, इंग्रजी, धड्याधड्यांनी शिकवणारं. दुसरं जाडजूड, आतून काळं-पांढरं, तेही इंग्रजी. हे इनडिझाइनच्या सीएस६ या आवृत्तीच्या काळातलं आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आलेलं, म्हणून निम्म्याहून कमी किमतीत मिळालं. तिसरं मराठी गाइड, संगणक क्लासवाले मुलांच्या हातात देतात तसलं. नावं मुद्दाम देत नाही. अशा पुस्तकांच्या आवृत्त्या भराभर बदलतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठलंही पुस्तक हातात घेतल्यावर तपासता येतं.

पहिले काही आठवडे रंगीत पुस्तकावर मी जाम खूश होतो. प्रत्येक पायरीला चित्र, शेजारी नेमका बाण. धड्यांच्या फाइल्स उतरवून घ्यायच्या, सांगितलं तिथे क्लिक करायचं, की शेवटी झकास ब्रोशर तयार. जाडजूड पुस्तक तेव्हा कपाटावर पडून होतं. चित्रं कमी, टाइप बारीक, प्रकरणं लांबलचक. पैसे वाया गेले असंच वाटत होतं.

मग खरं काम आलं. कवितासंग्रह, मजकूर वर्डमध्ये, युनिकोडमध्ये, अगदी स्वच्छ. इनडिझाइनमध्ये ओतला तर ‘स्थिती’तला स सुटा, त्याखाली हलन्ताचा पाय लोंबतोय, आणि पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी यायची ती थ च्या नंतर जाऊन बसलेली. प्रत्येक जोडाक्षराची हीच गत. फॉन्ट बदलून पाहिला, तेच. पेजमेकरमध्ये हे कधी दिसलं नाही, कारण जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले देवनागरीचे तुकडे. वेलांटी आधी टाइप केली की आधीच उमटणार, सॉफ्टवेअरला त्यातलं काही कळायची गरजच नव्हती. युनिकोडमध्ये वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, आणि दाखवताना ती आधी आणायची, जोडाक्षर जुळवायचं हे काम सॉफ्टवेअरमधल्या जुळणी-यंत्रणेचं.

आता हे शोधायचं कुठे? रंगीत पुस्तकाच्या मागची सूची काढली. देवनागरी नाही. हिंदी नाही. ‘भाषा’ या नोंदीखाली स्पेलिंग तपासणीचं एक पान. संपलं. वैतागून कपाटावरचं जाडं पुस्तक काढलं. त्याच्या सूचीत ‘भारतीय भाषा’ अशी नोंद, तिच्यापुढे ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर पाहा’ (हीच ती जुळणी-यंत्रणा), आणि तिथे पान क्रमांक. त्या पानावर जेमतेम पाऊण पान मजकूर, पण सगळं त्यात : पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा, ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. निवडल्याबरोबर अख्खं पान जागच्या जागी जुळलं. त्याच पानावर पुढे असंही होतं की हे दरवेळी करत बसू नका, पॅराग्राफ स्टाइलमध्ये (परिच्छेदाची एकदा ठरवून पुन्हा पुन्हा लावायची मांडणी) जस्टिफिकेशनच्या कप्प्यात कंपोझर नेमून टाका. आणि एकही फाइल उघडी नसताना नेमलंत, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला ते आपोआप लागू.

तेव्हापासून मी संदर्भपुस्तक मागून उघडतो. कुणाला हे वेड वाटेल, वाटू दे. धडे एकदाच वाचले जातात. संदर्भपुस्तक उघडायची वेळ येते तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असतं, छापखान्याचा फोन येऊन गेलेला असतो, आणि आपल्याला त्या गोष्टीचं इंग्रजी नावसुद्धा माहीत नसतं. ‘ओव्हरसेट’ (फ्रेममध्ये न मावलेला मजकूर) हा शब्द ठाऊक असेल तर पुस्तक कशाला लागतं? मला दिसतंय काय, तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह आणि शेवटचा परिच्छेद गायब. चांगल्या सूचीत ‘मजकूर, गायब’ असं शोधलं तरी ती तुम्हाला ‘ओव्हरसेट’कडे पोचवते. फॉन्ट सापडत नसला की मजकुरामागे गुलाबी पट्टा येतो. जाड्या पुस्तकाच्या सूचीत चक्क ‘गुलाबी’ या शब्दाखाली नोंद आहे! ज्या माणसानं ती केली तो कधीतरी रात्री दहा वाजता कुणाच्या तरी दुकानात बसलेला असणार.

वाईट सूचीही ओळखता येते. रंगीत पुस्तकात ‘स्टाइल्स’ या शब्दापुढे ओळीनं पंचवीस-तीस पान क्रमांक आहेत, पोटनोंद एक नाही. म्हणजे पुस्तकात जिथे जिथे शब्द आला तिथला आकडा उचलून ठेवला. यापेक्षा सूची नसती तर कागद तरी वाचला असता. गंमत म्हणजे सूची बनवायचं वेगळं पॅनेल इनडिझाइनमध्ये आहे आणि ते कसं वापरायचं याचा धडा याच पुस्तकात आहे.

भाचा म्हणतो, “मामा, ई-बुक घ्या आणि सर्च करा, सूची कशाला?” घेऊन पाहिलं. ‘फ्रेम’ टाकलं की शेकड्यांनी निकाल, आणि ‘अक्षरं तुटतात’ टाकलं की शून्य. जो शब्द पुस्तकात आहे तोच सापडतो. एक मात्र मान्य, कमांडचं नाव नेमकं माहीत असेल तर सर्च झटकन होतो. पण तेवढ्यासाठी मी स्क्रीनवर कामाच्या पानाशेजारी अजून एक खिडकी उघडी ठेवणार नाही.

मराठी गाइडबद्दल आधी फार वाईट मत होतं. मांडणी मेनूप्रमाणे : फाइल मेनू, एडिट मेनू, लेआउट मेनू, आणि प्रत्येक कमांडपुढे ‘या कमांडचा उपयोग अमुक करण्यासाठी होतो’. प्लेस : फाइल प्लेस करण्यासाठी. धन्य! सूची अर्थातच नाही. शिफ्ट दाबून क्लिक केलं की लागतील तितकी नवी पानं तयार होत सगळी कादंबरी एका दमात ओतली जाते, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट, तीही त्यात नाही.

पण शेवटच्या प्रकरणानं मत बदलायला लावलं. ते लिहिणाऱ्यानं छापखान्यात दिवस काढलेत हे दोन ओळींत कळतं. डेमी आकाराचं पुस्तक १६ पानी फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) बसवायचं तर १४४ पानं म्हणजे बरोबर ९ फर्मे. १४८ झाली की त्या ४ पानांसाठी जादा कागद आणि जादा प्लेट, तेव्हा ओळींमधलं अंतर किंवा टाइप थोडा कमी करून ४ पानं आत घ्या. हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडलं नाही. तिथे सगळे नमुने अमेरिकी लेटर आकाराचे, मापं इंचात नाहीतर पायका या छपाईच्या मापात. त्याच प्रकरणात काळ्या मजकुराची तपासणीही दिली आहे. सेपरेशन्स प्रीव्ह्यू पॅनेल उघडायचं, काळ्या प्लेटचा डोळा बंद करायचा, पडद्यावरचा मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. मागे फिकट अक्षरं उरली तर मजकूर चारही रंगांत गेलाय, आणि छपाईत प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येणार. दिवाळी अंकाच्या जाहिरातींची पानं बाहेरून बनून आली होती. या एका तपासणीत त्यातली तीन परत पाठवली. गाइडची किंमत तिथेच वसूल झाली.

रंगीत पुस्तकावरही थोडा अन्याय झाला असेल. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीनं त्यावरूनच शिकायला घेतलं आणि महिन्या-दीड महिन्यात ती स्टाइल्स माझ्याहून नीट लावायला लागली. संगणक नवा असलेल्याला असा हात धरून नेणारा माणूस लागतो. फक्त ते पुस्तक संपलं की संपलं. आणि त्यातल्या धड्यांना येणारा मजकूर आधीच आंघोळ घालून ठेवलेला असतो. आमच्या लेखकांच्या वर्ड फाइलमध्ये परिच्छेदाच्या सुरुवातीला आठ स्पेस, मध्येच टॅब, आणि दोन पानं जुन्या फॉन्टमधली. त्यावर एक ओळ नाही.

जुनी आवृत्ती घ्यावी का, असं विचाराल तर घ्यावी, पण बघून. माझी मर्यादा सीएस६, म्हणजे २०१२. त्याआधी वर्ल्ड-रेडी कंपोझर आत होता, पण पॅनेलमध्ये समोर दिसत नव्हता, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकात मराठीवाल्याला काही हाती लागत नाही. त्यानंतरचं जे त्यात नसतं ते मोजकं आहे. ग्रंथाच्या शेवटी द्यायच्या टिपांची सोय २०१७ अखेरच्या आवृत्तीत आली, तेव्हा संशोधनपर पुस्तकं करत असाल तर नवी आवृत्ती बघा. अनेक पानांना एकदम लागू होणाऱ्या ज्या सांगाड्याला जुनं पुस्तक ‘मास्टर पेज’ म्हणतं त्याला आता पडद्यावर ‘पॅरेंट पेज’ म्हणतात. एवढ्यासाठी दुप्पट पैसे मी तरी मोजणार नाही.

मराठीपुरती एक तक्रार तिन्ही पुस्तकांबद्दल आहे. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. हे मला एका जुन्या मुद्रितशोधकांनी दाखवलं, पुस्तकानं नाही. मजकुरातल्या रोमन शब्दांना ग्रेप स्टाइलनं (ठरवलेल्या नमुन्याचा मजकूर ओळखून त्याला रूप देणारी सोय) आपोआप वेगळा फॉन्ट लावता येतो, हेही जाड्या पुस्तकातलं किमतींच्या आकड्यांचं उदाहरण वाचून आम्हीच जुळवून घेतलं. आता आमच्या प्रत्येक फाइलमध्ये ते असतं.

गेल्या महिन्यात जाड्या पुस्तकाची ताजी आवृत्ती दुकानात दिसली. कागद चांगला, चित्रं रंगीत, एकूण पानं वाढलेली. मागून उघडलं. सूची आधीच्या निम्मी, पोटनोंदी काढून टाकलेल्या, आणि ‘गुलाबी’ गायब. तिथेच ठेवून दिलं.